पेपर कपाच्या मशीनचा भाव

विकणाऱ्याला आपल्या घरी बोलवावं, आपल्या सोफ्यावर बसवावं आणि आपला चहा पाजावा. परक्या घरात माणूस भाव ताणून धरत नाही, हे उत्तमराव काळमेघांचं जुनं तत्त्व होतं. या तत्त्वावर त्यांनी जयपुरात कूलर घेतला, इन्व्हर्टर घेतला, थोरल्या निलयच्या लग्नातला आचारीही ठरवला. आणि याच तत्त्वापायी त्या रविवारी सकाळी मुरलीपुऱ्यातले मशीनवाले राघव खंडेलवाल प्रताप नगरातल्या हाउसिंग बोर्डाच्या घरात, पंख्याच्या बरोबर खाली, मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. पिशवीत कागदी कपांचे नमुने होते. मशीन काही पिशवीत मावणारं नव्हतं, पण ते पाहायला मुरलीपुऱ्यात जायला उत्तमरावांनी साफ नकार दिला होता.

"मशीन पाहिलं की माणूस त्याच्यावर भाळतो," ते म्हणाले होते. "मग भाव कसा करणार?"

विजयमालाबाईंना हे पटलं होतं. भाव करण्यात त्या नवऱ्याच्या निम्म्या भागीदार होत्या. उत्तमरावांनी गोड बोलत भाव थोडा खाली आणायचा आणि मग खाकरायचं. खाकरणं ऐकू आलं की विजयमालाबाईंनी "राहू द्या हो, आपल्याला नाही परवडायचं" असं म्हणून पदर सावरत उठायचं आणि आत जायचं. बाई उठली की विकणारा घाबरतो. बापू बाजारातल्या रजयांपासून या राहत्या घरापर्यंत सगळं असंच आलं होतं. एवढ्या वर्षांच्या संसारात दोघांचं एकमत फार थोड्या गोष्टींवर झालं, पण हा प्रयोग कधी फसला नव्हता.

फरक एवढाच, की आजवर पैसे उत्तमरावांचे असत आणि आज ते विजयमालाबाईंचे होते. वरुडची माहेरची संत्र्याची बाग दसऱ्याच्या सुमारास विकली गेली आणि भाऊ शेषरावाने बहिणीचा वाटा चक्क न मागता पाठवून दिला. घरात मात्र त्या पैशांना "तुझे पैसे" कोणी म्हणत नसे. सगळे "ते पैसे" म्हणत. ते पैसे बँकेत पडले आणि तिकडे जवाहर नगरात थोरल्या सुनेला, सोनलला, आपलं घर एका खोलीनं लहान असल्याचं एकाएकी जाणवू लागलं. इकडे धाकट्या गौरांगला मशीन हवं होतं. चार वर्षं तो दुसऱ्यांच्या कारखान्यातले कागदी कप स्कूटरवर लादून चहाच्या थड्यांना, म्हणजे टपऱ्यांना, विकत हिंडत होता. आता स्वतःचे कप काढायचे म्हणून त्याने मुरलीपुऱ्यात शेड पाहून ठेवली होती. विजयमालाबाईंनी कौल गौरांगला दिला. बाग काही दुसऱ्यांदा विकता येत नाही, हे त्यांना कळत होतं. हे मशीन फसलं तर गौरांगला पुन्हा उभं करायला घरात काही उरणार नव्हतं, हेही कळत होतं. रात्री त्याच काळजीनं त्यांचा डोळा लागत नसे, आणि ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

निलय बँकेत अधिकारी असल्यामुळे सल्ला द्यायला आला होता. सोनल आली नव्हती, पण निलयच्या फोनमधून ती हजर होती. दर थोड्या वेळाने फोन थरथरे आणि निलय वाचून चेहरा गंभीर करी.

राघव खंडेलवालांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला, पिशवीतले कप टीपॉयवर रांगेनं मांडले आणि पहिला प्रश्न विचारला. "पहले ये बताइए बाबूजी, कप कौन सा बनाना है और बेचना किसको है?"

प्रश्न गौरांगला होता हे उघड होतं, कारण खंडेलवाल त्याच्याकडेच पाहत होते. दाराजवळच्या स्टुलावर बसलेला गौरांग पुढे सरकला. "बाबा, मी सांगतो. मतलब, थडीवालों को जो—"

"पहिल्यापासून," विजयमालाबाई म्हणाल्या.

त्यांनी हे मुद्दाम म्हटलं नाही. शिंक यावी तसं ते आलं. या घराचा तो कायदाच होता: उंबरठ्याच्या आत मराठी बोलायचं, आणि मराठीत हिंदी शब्द घुसला तर अख्खं वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. बदली होऊन ही मंडळी अकोल्याहून जयपुरात आली तेव्हा इथल्या गणपतीत एका पुणेरी बाईंनी विजयमालाबाईंचं "करून राहिली" ऐकून तोंडाला रुमाल लावला होता. तो रुमाल त्या विसरल्या नाहीत. आपलं मराठी सुधारणं आता शक्य नाही, पण मुलांचं बिघडू द्यायचं नाही, असं त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. निलय तेव्हा पाचवी ओलांडून आला होता. त्याचं मराठी अकोल्यातच पक्कं झालं होतं. गौरांग कडेवर होता. त्याला गल्लीनं हिंदी दिली आणि आईनं कायदा दिला. लहानपणी तो एकेक वाक्य तीन-तीनदा सुरू करी, मग दोनदा, मग एकदाही नाही. लोक म्हणत, धाकटा जरा मुखदुर्बळ आहे. विजयमालाबाई म्हणत, असू दे, पण बोलतो ते शुद्ध.

आताही गौरांगने "थड्यांवर..." अशी नवी सुरुवात केली, पण तोवर उत्तमराव आपल्या अकोला-हिंदीत उत्तर देऊन मोकळे झाले होते. "कप मतलब कप! सब तरह के. सबको बेचेंगे. तुम भाव बोलो."

खंडेलवालांनी गौरांगकडे एकदा पाहिलं आणि मग बाबूजींकडे. "बाबूजी, मशीन का कोई एक भाव नहीं होता. जो-जो डलवाओगे, उसका भाव है." तरीही त्यांनी आकडा सांगितला. निलयने फोनवर तो सोनलला कळवला आणि फोन बराच वेळ थरथरत राहिला.

उत्तमराव हसले. विम्याच्या कंपनीत त्यांनी आयुष्यभर दावे तपासले होते. जळालेल्या गिरण्या, मोडलेले पंप, बसलेली यंत्रं. समोर आलेला आकडा हा कापण्यासाठीच असतो, ही त्यांची श्रद्धा होती. सत्यनारायणाचा शिराही त्यांना कुणी पूर्ण वाटी दिला तर संशय येई.

"देखो खंडेलवालजी, हमने बहुत मशीनें देखी हैं," ते म्हणाले आणि थोडं गोड बोलून खाकरले.

"राहू द्या हो, आपल्याला नाही परवडायचं," म्हणत विजयमालाबाई उठल्या.

स्वयंपाकघराच्या दाराशी पोचतात न पोचतात तोच मागून खंडेलवालांचा आवाज आला. "चलिए, ऑइल बाथ हटा देते हैं. गियर खुले रहेंगे, हाथ से ग्रीस लगाते रहना."

"हटाओ!" उत्तमराव म्हणाले, जणू मशीनला झालेला एखादा रोगच काढून टाकला. गियर तेलात बुडते ठेवणारी बंद पेटी गेली आणि भाव उतरला. विजयमालाबाई परत येऊन बसल्या.

थोड्या वेळाने ते पुन्हा खाकरले, त्या पुन्हा उठल्या आणि या खेपेला सेन्सर गेले. कागद नीट आला नाही तर मशीन आपोआप थांबवणारे हे डोळे. ते नसले तर माणसानं लक्ष ठेवायचं. "माणूस आहेच की आपल्याकडे," उत्तमरावांनी गौरांगकडे हात केला. तिसऱ्या खेपेला कपाचा तळ चिकटवणारा चांगला हीटर जाऊन तिथे साधा आला. चौथ्या खेपेला इतर दोन मापांचे साचे, ज्यांना खंडेलवाल मोल्ड म्हणत, ते गेले. आणि थंड पेयांच्या कपांना लागणारं, आवाजाच्या लहरींनी कागद जोडणारं अल्ट्रासोनिक का काय ते, तेही गेलं.

"स्पीड तो वही रहेगा ना?" उत्तमरावांनी विचारलं.

"स्पीड वही रहेगा."

"बस!" उत्तमरावांनी मांडीवर थाप मारली. एवढ्यात गौरांग काहीतरी म्हणाला. म्हणजे "बाबा, तो हीटर..." एवढं म्हणून "मेन" म्हणाला, थांबला, "मुख्य" हा शब्द शोधायला छताकडे पाहिलं आणि शब्द सापडेपर्यंत विषय पुढे गेला होता.

निलय मात्र बोलला, आणि काय सुरेख बोलला! "बाबांचं धोरण योग्यच आहे. सुरुवातीची गुंतवणूक आटोक्यात राहिली की जोखीम कमी होते, आणि उरलेली रक्कम कुटुंबाच्या इतर निकडीच्या गरजांसाठी राखून ठेवता येते." इतर निकडीची गरज म्हणजे जवाहर नगरातली खोली, हे विजयमालाबाईंच्या लक्षात आलं, तरीपण "निकडीच्या" हा शब्द ऐकून त्यांचा ऊर भरून आला. या मुलाला मशीनमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण न कळलेलंही तो किती शुद्ध सांगत होता!

चहाचं निमित्त करून त्या आत गेल्या. आत प्रज्ञा, धाकटी सून, आलं कुटत होती, गरजेपेक्षा जरा जोरातच. प्रज्ञा फौजेतल्या सुभेदारांची मुलगी. साताऱ्याकडचे लोक, पण तिचं शिक्षण छावणीतल्या शाळांमधलं. ती बोले ते मराठी तिच्या मर्जीनं. कायद्याला ती पहिल्या महिन्यातच हसली होती आणि सासूबाईंनी तिचा नाद सोडला होता.

"आई, तुमच्या लक्षात येतंय का?" प्रज्ञा म्हणाली. "तुम्ही एकदा उठलात की मशीनमधलं एक काहीतरी जातंय. अजून दोनदा उठलात तर नुसतं टेबल येईल घरी."

"अगं, भाव उतरला न!"

"भाव नाही उतरला. मशीन उतरलं. तो काय नफा सोडून राहिला का? तो सामान काढून राहिलाय." सासूच्या भाषेचा असा वापर प्रज्ञा फक्त भांडणात करी. "तळ नीट चिकटला नाही तर कप कशाला म्हणायचं त्याला? नळी झाली ती."

विजयमालाबाई गॅसजवळच्या पाटावर बसल्या. बापू बाजारातल्या रजईतून दुकानदार कापूस काढून घेतोय आणि आपण घडी घालून विजयानं घरी चाललोय, असं काहीसं त्यांना वाटून गेलं.  माहेरची बाग, एकदाच आलेले पैसे, आणि आपणच उठून उठून त्यांची माती करतोय.

"तू हे मला आधी का नाही सांगितलं?"

"मला काय कळतंय त्यातलं? यांनी सांगितलं ते सांगितलं. तुम्ही यांनाच विचारा ना."

"त्याला काय विचारू? तो तर मूग गिळून बसलाय."

"आमच्या खोलीत येऊन ऐका," प्रज्ञा म्हणाली. "बोलून बोलून रात्री झोपू देत नाहीत."

विजयमालाबाईंना हे ऐकून लाजायला झालं, कारण त्यांनी त्याचा अर्थ वेगळाच घेतला. त्या घाईनं उठल्या आणि गौरांगला विचारण्याचा विषय तिथेच राहिला. विचारायची गरज त्यांना वाटलीही नाही. काय करायचं ते त्यांना आता लख्ख दिसत होतं.

बाहेर उत्तमराव विसाराची भाषा करत होते. विजयमालाबाई आपल्या जागेवर बसल्या नाहीत. टीपॉयसमोर उभ्या राहून त्या खंडेलवालांना म्हणाल्या, "भैया, जो-जो निकाला, सब वापस डालो."

"सब, माताजी?"

"सब. तेल, डोळे... आँखें, हीटर, तीनो साचे, वो आवाजवाला, सब. और इससे भी अच्छा कुछ होगा तो वो भी डालो."

 उत्तमरावांनी खाकरून पाहिलं. सवयीनं खाकरले असावेत, पण त्याचा उपयोग झाला नाही. "अगं, काय करून राहिली तू?" ते मराठीत म्हणाले, आणि त्यांचा आवाज रागापेक्षा दुखावल्यासारखा अधिक होता. परक्या माणसासमोर भागीदारानं दगा दिला होता. "एवढा वेळ मी काय झक मारली?"

"पैसे माझे आहेत," विजयमालाबाई म्हणाल्या.

हे वाक्य या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं. निलयने फोन उलटा ठेवला. मग तो सावकाश म्हणाला, "आई, पैसे तुझे आहेत याबद्दल दुमत नाही. पण मग सगळेच्या सगळे एका मशीनमध्ये घालणं कितपत शहाणपणाचं?" सकाळी मशीनच नको म्हणणारा निलय दुपारपर्यंत स्वस्त मशीनचा कैवारी झाला होता. उत्तमराव, ज्यांनी त्याला सकाळी "तुझ्या बायकोचं बोलणं तुझ्या तोंडून नको" असं सुनावलं होतं, ते आता "निलय बरोबर सांगून राहिला" म्हणू लागले. प्रज्ञा चहाचा ट्रे घेऊन आली ती सरळ सासूच्या शेजारी येऊन उभी राहिली. घराचे दोन तट पडले, आणि ज्याच्यासाठी ते पडले तो स्टुलावर बसून आपल्या पायांकडे पाहत होता.

खंडेलवालांनी नवा आकडा सांगितला. तो सकाळच्या आकड्याहूनही मोठा होता, कारण "इससे भी अच्छा" यालाही भाव असतो. तरी विजयमालाबाईंनी मान हलवली. आता मागे हटलं तर ते वाक्य वाया गेलं असतं.

"आई," गौरांग म्हणाला. तो उभा राहिला होता. "आई, इतकं नको आहे. मला वाटतं, आपल्याला जो कप... जो साइज... मतलब..."

"पहिल्यापासून," विजयमालाबाई म्हणाल्या.

गौरांगने तोंड मिटलं. त्याने पुन्हा सुरुवात केली नाही. त्याने आईकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. वयाच्या चौतिसाव्या वर्षी माणसाच्या चेहऱ्यावर जो थकवा नसावा, तो. विजयमालाबाईंना काहीतरी टोचलं, पण काय ते कळलं नाही.

खंडेलवालांनी मात्र कपबशी खाली ठेवली आणि वैतागून म्हणाले, "गौरांग भाई, आप क्यों चुप हो? मशीन तो आपको चलानी है. आप बोलो ना यार!"

आणि गौरांग बोलला.

"राघव भाई, बड़े दोनों मोल्ड निकालो," तो म्हणाला. "थडी पर बड़ा कप दिया तो थडीवाला ही रो पड़ेगा. चाय ज्यादा जाएगी ना उसकी! छोटा रखो, बस एक. अल्ट्रासोनिक भी निकालो, वो ठंडे वालों का शौक है. अपने को गरम चाय, अंदर की एक कोटिंग बहुत. स्पीड नीचे वाली दो. तेज मशीन को कागज भी नखरेवाला चाहिए, और जितने कप वो उगलेगी उतने मैं बेचूँगा किसको, कबूतरों को?"

प्रज्ञा हसली. खंडेलवालही हसले. विजयमालाबाईंनी मागे वळून दाराकडे पाहिलं, कोणी आत आलंय का म्हणून. हा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. तो भरघोस होता, त्याला चढउतार होता, आणि तो कुठेच अडत नव्हता.

"लेकिन ऑइल बाथ वापस आएगा," गौरांग बोलतच होता. आता तो स्टुलापाशी नव्हता. टीपॉयशी उकिडवा बसून त्याने एक कप हातात घेतला होता. "मशीन दिनभर चलेगी. खुले गियर रखे और एक आँधी आ गई, तो मुरलीपुरा की सारी धूल उसके पेट में. सेंसर वापस. एक कागज चूका तो पीछे वाले सब बिना तले के निकलेंगे, और पता कब चलेगा? जब किसी की पैंट पर चाय गिरेगी. और हीटर वही बढ़िया वाला, उसमें एक पैसा मत काटना. कप की सारी इज्जत उसके तले में है."

उत्तमराव पुढे झुकले होते. "धूल से कितना फरक पड़ेगा?" त्यांनी विचारलं. हिंदीतच विचारलं, आणि आपण मुलाशी हिंदीत बोलतोय हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"बाबा, दाँते घिस जाएँगे. टाइमिंग गई कि कप टेढ़ा. और घिसाई का बीमा कौन देता है?"

उत्तमरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. नोकरीत असे कितीतरी दावे त्यांनी "ही झीज आहे, अपघात नाही" असा शेरा मारून परत पाठवले होते. ज्यांचे परत पाठवले त्या लोकांची मशीनं कोणीतरी घासाघीस करूनच घेतली असतील, हा विचार त्यांना आज प्रथमच शिवला. "कोई नहीं देता," ते कबूल करत म्हणाले. "मैंने खुद किसीको नहीं दिया." मग त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, मग आणखी एक. विजेची जोडणी कशी लागेल, कागद कुठून येईल, पावसाळ्यात तो कागद ओल धरतो का. गौरांग उत्तरं देत होता. एका कंजूष थडीवाल्याची नक्कल करत होता. वडील हसत होते. बापलेक एवढा वेळ एकमेकांशी बोलताहेत हे दृश्य विजयमालाबाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

निलयने मध्येच "परंतु दीर्घकालीन विचार केला तर" अशी सुरुवात केली. कोणी ऐकलं नाही. त्याने फोन सुलटा केला आणि पुन्हा उलटा ठेवला. मग हळूच म्हणाला, "गौऱ्या, तू हे आधी का नाही सांगितलंस रे?" त्याचा प्रश्न खरा होता. गौरांगने खांदे उडवले.

खंडेलवालांनी शेवटचा आकडा काढला. तो उत्तमरावांच्या कापलेल्या आकड्याहून थोडाच वर होता आणि आईच्या आकड्याहून पुष्कळच खाली. कुणालाही हरल्यासारखं वाटू नये असा तो होता, पण विजयमालाबाईंना वाटलं. "ठीक आहे न?" उत्तमरावांनी त्यांना विचारलं. आज सकाळपासून त्यांचं मत विचारणारा हा पहिला प्रश्न. त्यांनी मान हलवली. मशीन ठरलं.

मग उत्तमराव गौरांगला ओढतच बाहेरच्या गॅलरीत घेऊन गेले. शेडच्या भाड्याचा करार त्यांना आताच्या आता समजून घ्यायचा होता. निलय सोनलला फोन करायला जिन्यात गेला. प्रज्ञाने ट्रे उचलला. बैठकीच्या खोलीत कप पिशवीत भरणारे खंडेलवाल आणि विजयमालाबाई, एवढेच उरले. गॅलरीतून गौरांगचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. चाल कळत होती, आणि ती थांबत नव्हती.

"माताजी, आज तो मैं डर ही गया था," खंडेलवाल म्हणाले. "सोचा, गौरांग भाई की तबीयत खराब है क्या? इतने चुप!"

"वो चुपही रहता है," विजयमालाबाई म्हणाल्या. "बचपनसे."

"गौरांग भाई?" खंडेलवालांचा हात पिशवीत थांबला. "अरे माताजी, वो आ जाएँ तो हमारे यहाँ चाय दो बार बनती है. पूरा मुरलीपुरा काम छोड़के सुनता है. क्या किस्से सुनाते हैं! वो आपके पिताजी वाला तो मेरे बच्चों को भी याद है."

"माझ्या... मेरे पिताजी का? कौनसा?"

"वो नए बैलों वाला. बाजार से लौटते गाड़ी में सो गए थे ना नानाजी?"

 हा किस्सा विजयमालाबाईंनीच गौरांगला लहानपणी दुपारी मांडीवर घेऊन सांगितला होता. पुष्कळदा सांगितला होता. तो कधी हसला नव्हता, कधी "मग?" म्हणाला नव्हता, नुसता टक लावून पाहत राहायचा, आणि त्यांना वाटे, पोराला कळत नाही की काय. एक दिवस त्याने तो त्यांना परत सांगायला घेतला होता. त्यांनी त्याला तीनदा थांबवलं होतं. चौथ्यांदा तो खेळायला निघून गेला होता.

"बसा," त्या म्हणाल्या. "बैठिए. चाय और बनेगी." आणि त्यांनी अगदी हळू, एखाद्या अनोळखी माणसाला पत्ता विचारावा तसं विचारलं, "कैसे सुनाता है वो?"

खंडेलवाल खुशीत पुन्हा सोफ्यावर बसले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली: नानाजी गाडीत घोरत होते, आणि नवे विकत घेतलेले बैल सवयीनं जुन्या मालकाच्या गावाकडे वळले. वाटेत ते दोघे एकमेकांशी बोलू लागले. एक म्हणाला, हा माणूस चांगला आहे, पण याला घरचा रस्ता ठाऊक नाही. दुसरा म्हणाला, मग आपण आपल्या घरी नेऊ या, बिचारा रात्रभर कुठे फिरेल? पहाटे जुना मालक दार उघडून पाहतो तो अंगणात गाडी, गाडीत नानाजी. तो ओरडतो, बैल परत करायला आलास का? पैसे नाही मिळणार! आणि नानाजी झोपेतच म्हणतात, आधी चहा तर दे.

विजयमालाबाईंच्या किश्श्यात बैल बोलत नसत. त्यांच्या किश्श्यात नुसतं भांडण होतं आणि शेवटी वडील चिडून पायी घरी येत. बैलांना बोलायला गौरांगने लावलं होतं. खंडेलवाल बैलांचे आवाज काढून सांगत होते, आणि ते आवाज गौरांगचे होते. विजयमालाबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांना असं रडू आलं की खंडेलवाल घाबरून थांबले. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि हातानंच खूण केली, थांबू नका. किस्सा त्यांचाच होता, पण पुढे काय होतं ते त्यांना माहीत नव्हतं.